खण

शुक्रवारी दुपारी रुवी झोपलेली असते.
समोरचा डोंगर भाजून तपकिरी,
आणि मी फरशीवर मांडी घालून
पलंगाखालून ओढते सात महिन्यांचा पसारा.

आधी व्हिनाइलच्या गुंडाळ्या.
एकदाच ठेवल्या होत्या बाल्कनीत, एकच जून.
पाठीचा डिंक पाझरून अशा बिलगल्या एकमेकींना
की सोडवताना लाल आली ती पांढरीचं कातडं घेऊन.
आता त्या दारामागे, चपलांच्या टांगत्या कप्प्यांत उभ्या,
चपला बाहेर.
उन्मेष काही बोलत नाही.
फक्त कामावरून आला की बूट हातात धरून
जरा वेळ तसाच थांबतो.

पाती गोळ्यांच्या डबीत.
सासूबाई राहून गेल्या तेव्हाची, सोम ते रवि.
सोमवारी बारीक पातं, कागदाचं,
मंगळवारी पुठ्ठ्याचं,
बुधवारी बोथट झालेली, टाकवत नाहीत ती,
गुरुवारी आकड्या,
‘अ’च्या पोटातला नको तो ऐवज उपसायच्या.
शुक्रवार रिकामा.

चटया कोमट पाण्याने धुतल्या, न्हाणीत उभ्या केल्या.
इथली धूळ बंद खिडकीतूनही येते
आणि चटईचा चिकटपणा पहिला तिलाच धरतो.
मशीनला वाटतं, बसलाय कागद घट्ट.
कागद केव्हाचा सरकलेला.

डबे मी तेवढेच घेते जे तीस किलोत मावतील.
व्हिसाचं काय सांगावं.

बाबा सांगलीला जुळारी होते.
छापखान्यात तिरप्या केसपुढे उभे,
प्रत्येक अक्षराला आपला खण,
वेलांटीला वेगळा, रफार पार कोपऱ्यात,
बोटं न बघता जायची.
शिशातली अक्षरं उलटी असतात.
उलट्याची सवय एवढी
की न्हाव्याच्या आरशातून मला
रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचून दाखवायचे
गळ्याला टॉवेल, गालाला फेस, थांबत नसत.

माझ्यात ते उतरलं नाही.
मार्चमध्ये ब्लेसीच्या ओळखीने शमसाबाई आल्या, मतरहच्या.
पोरांच्या फुटबॉलचे अकरा शर्ट,
पाठीवर नावं, अरबीत.
इस्त्रीने चिकटवायचं व्हिनाइल उलटं कापायचं असतं,
मराठी असतं तर बोट आपसूक त्या बटनावर गेलं असतं.
पण अरबी मला मुळातच उलटी दिसली.
म्हटलं, आहे की उलटी.

अकरा नावं. अकरा शर्ट.
शमसाबाईंनी एक उचलला, दुसरा उचलला,
मग विचारलं, आरसा कुठे आहे,
आणि न्हाणीतून हसण्याचा आवाज आला.
“सालिम!” त्या आतून ओरडल्या,
“इकडे ये, सालिम इथे आहे!”

पोरांना नवे करून दिले, पदरचे पैसे घालून.
जुन्यांतले नऊ पुसायच्या फडक्यांत गेले,
एक त्यांनी मागून नेला,
एक हा, आत्ता हाताला लागलेला,
चकाकत्या कागदाच्या तुकड्यांखाली.
कुठल्याच खणात बसत नाही.

फोटो काढून बाबांना पाठवला.
अरबीचा त्यांना गंध नाही.
संध्याकाळच्या बांगेनंतर उत्तर आलं:
छान आहे.
डावीकडून तिसऱ्या अक्षराचा टाइप नीट बसलेला नाही.

शर्ट दिव्याखाली धरला.
खरंच, शेपटीपाशी
नखाएवढं व्हिनाइल उचललं गेलं होतं.
मी इस्त्री तापत ठेवली.